सत्तावन्न शिक्के

हिरोशिमा,
१२ एप्रिल १९८७

ती. तोकुजिरोकाका यांस,
सा. न.

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल एक ओळ लिहायची असते. ती गाळते आहे. तुम्ही रागावलेले आहात, वाचणार नाही.

काम एकच आहे. माझा शिक्का पाठवून द्या. तांदळाच्या पापडांच्या पत्र्याच्या डब्यात, दुसऱ्या रांगेत आहे. काळ्या शिंगाचा, चिठ्ठीवर काकूंच्या अक्षरात माझं नाव. मी सागरी कामकाज प्रतिनिधीच्या, म्हणजे जहाजमालकांचे सरकारी कागद करून देण्याच्या परवान्याच्या, परीक्षेला बसते आहे आणि अर्जावर सहीच्या जागी शिक्का लागतो. लेखी परीक्षा सप्टेंबरात इथे, त्यात पास झाले तर तोंडी परीक्षा तोक्योला.

मी घर का सोडलं याबद्दल तुम्ही काकूंना वेगळं सांगितलंत असं कळलं, म्हणून लिहून ठेवते.

इसोगाई गेनपाची ११ मार्चला, बुधवारी वारले. शुक्रवारी त्यांचे धाकटे भाऊ कात्सुजी आपल्या जहाजांच्या कागदपत्रांच्या कार्यालयात आले. तुम्ही दोघांनी चहा घेतला. मग तुम्ही मला गेनपाचींच्या बोटीच्या, सेइहो-मारूच्या, विक्रीचा कागद करायला सांगितलात. विकणारे गेनपाची, घेणारे कात्सुजी, तारीख ६ मार्च. तारीख चुकली असेल असं समजून मी तो केला. मग तुम्ही डब्यातून गेनपाचींचा शिक्का काढून माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, "मार."

मी म्हणाले, "ते परवा वारले."

तुम्ही म्हणालात, "शिक्का नाही वारला."

मी उठले. शिक्का तुम्हीच मारलात. दुसऱ्या दिवशीच्या बोटीने मी इथे आले. एवढंच घडलं. 'मुलीला शहराची ओढ लागली' असं काही घडलेलं नाही.

इथे एका नकाशा-कार्यालयात अर्ध्या दिवसाचं काम मिळालं आहे. पहाटे उठून वाचते. जहाजांची मोजणी, नोंदणी, तपासणी मला येते. तुमच्या कार्यालयात येण्याआधी गोदीत चार वर्षं तेच केलं. पहिला पेपर मात्र नवा आहे: राज्यघटना, मुलकी कायदा, व्यापारी कायदा.

शिक्का रजिस्टर टपालाने पाठवावा.

कानाए


मिओजिमा,
२० एप्रिल

चि. कानाए हिला अनेक आशीर्वाद.

ऋतूची ओळ गाळलेलं पत्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. अगं, वसुलीच्या नोटिशीतसुद्धा वर 'वसंत बहरला आहे' असं असतं! तर, वसंत बहरला आहे. धक्क्यावरच्या चेरीची फुलं गळून पार आता पानं आली. तुझी काकू तुझ्या नावाने रोज डोळे पुसते आणि मग माझ्या ताटात मासळीचं शेपूट वाढते.

शिक्का मिळणार नाही. हवा असेल तर ये आणि घेऊन जा. बोट दिवसातून चार वेळा आहे.

बाईसाहेब, तू नकाशे काढणारी. तुला रेषा सरळ लागते. माणसं सरळ रेषेत राहत नाहीत. गेनपाचीसारखा बोटीने दगड वाहणारा माणूस तीन-तीन आठवडे घरी नसतो. कागद आला की शिक्का कोण मारणार? म्हणून ते माझ्याकडे ठेवतात. सत्तावन्न माणसं! बँकेकडे ठेवत नाहीत, बायकोकडे ठेवत नाहीत, माझ्याकडे ठेवतात. याला विश्वास म्हणतात. तुझ्या पुस्तकात तो शब्द असेल तर पानाचा नंबर कळव.

आणि गेनपाची नवीन वर्षाच्या दिवशी माझ्यासमोर पीत बसून म्हणाला होता, "पुढेमागे बोट कात्सुजीलाच देईन." मी त्याच्या मनातलं केलं. तुझे वडील गेल्यावर तुला आणली, तेव्हाही मी कुणाची सही घेत बसलो नव्हतो.

परीक्षा म्हणे! चाळीस वर्षं या धंद्यात आहे मी. बरं, बघू तरी तुला काय येतं. एक घे: 'वादळात जहाज वाचवण्यासाठी कप्तानाने मालाचा काही भाग समुद्रात टाकला. जहाज आणि उरलेला माल वाचला. टाकलेल्या मालाचं नुकसान कोणी सोसायचं? कारणांसह उत्तर लिहा.'

येत नसेल तर पुढच्या बोटीने परत ये.

तोकुजिरो

ता. क. सुकवलेले बारीक मासे काकू पाठवते आहे. डोकी खुडून टाकू नकोस, अक्कल त्यातच असते.


हिरोशिमा,
३ मे

ती. काकांस,
सा. न.

मासे मिळाले. डोक्यांसकट खाते आहे.

शिक्क्याची आता गरज नाही. शिओमी हे आडनाव इथल्या दुकानांतल्या तयार शिक्क्यांच्या फळीवर नसतं, म्हणून कोरून घेतला. कोरणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, "लग्न ठरलंय का? मग थांबा थोडं, आडनाव बदलेल." मी म्हणाले, "बदललं तर पुन्हा येईन. आत्ता हेच कोरा." आणखी एक: गाव बदललं की जुन्या शिक्क्याची नोंद आपोआप रद्द होते. तुमच्या डब्यात माझा आहे तो आता शिंगाचा नुसता तुकडा आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नुकसान एकट्या मालवाल्याने सोसायचं नाही. धोका सगळ्यांवर होता, त्याग सगळ्यांसाठी केला, तेव्हा वाचलेलं जहाज, वाचलेला माल आणि वाचलेलं भाडं या सगळ्यांनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचं. अट अशी की धोका खरा हवा आणि कप्तानाने तो त्याग जाणूनबुजून केलेला हवा. लाटेने वाहून नेलेलं यात धरत नाहीत.

विश्वासाचं पान: मुलकी कायदा, पहिलं कलम. हक्क बजावताना आणि कर्तव्य करताना सचोटीने वागावं असं लिहिलं आहे. त्याच पुस्तकात कलम १११ आहे. ज्याने अधिकार दिला तो मेला की प्रतिनिधीचा अधिकार संपतो.

गेनपाचींना मूल नाही, आईवडील नाहीत. त्यांच्या मागे जे आहे त्यातलं तीन चतुर्थांश त्यांच्या पत्नी हिदेबाईंचं आणि एक चतुर्थांश कात्सुजींचं. तुम्ही चार चतुर्थांश कात्सुजींना दिलंत. हिदेबाईंना हे सांगितलं आहे का?

कानाए


मिओजिमा,
२५ मे

चि. कानाए,

संत्र्याच्या बागा फुलल्यात, बेटभर वास आहे. ही झाली ऋतूची ओळ. जमतंय का बघ.

तुझं उत्तर काकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरगी हुशार आहे." मी म्हणालो, "पाठांतर आहे." तरी 'लाटेने वाहून नेलेलं धरत नाहीत' हे बरं लिहिलंस. ते बरेचजण विसरतात.

हिदेबाईंना काय सांगायचं? नवऱ्याचे दिवस करायला बसलेल्या बाईला कलम किती आणि पोटकलम किती ते सांगू? बोट तिला चालवता येत नाही. धक्क्याला बांधून ठेवली तर वर्षात तळाला शिंपले धरतील. कात्सुजी म्हणतो, कोबेची एक कंपनी घ्यायला तयार आहे, सप्टेंबरात ताबा. त्यातून तो वहिनीला बघेलच की. भाऊच आहे तो.

तू फार विचार करतेस. बोटीवर कानस घेऊन सतत घासत बसणारा एक फिटर असायचा, तसं आहे तुझं. इतकं घासलं की दांडाच राहिला नाही.

हा दुसरा घे: 'अ ने आपलं वीस टनांवरील जहाज ब ला विकलं. नोंद झाली नाही. मग अ ने तेच जहाज क ला विकलं आणि क ने नोंद केली. जहाज कोणाचं? जहाज एकोणीस टनांचं असतं तर? कारणांसह उत्तर लिहा.'

जेवतेस ना वेळेवर? आवाजावरून कळत नाही, पत्रात तर तुझा आवाजच नसतो.

तोकुजिरो


हिरोशिमा,
१४ जून

ती. काकांस,
सा. न.

जहाज क चं. वीस टनांवरच्या जहाजाची खरेदी नोंदवल्याशिवाय तिसऱ्या माणसापुढे टिकत नाही. एकोणीस टनांचं असतं तर ती नोंदवही त्याला लागूच नाही. प्रत्यक्ष ताबा कोणी आधी घेतला ते पाहायचं. पण हे सगळं अ जिवंत असेल आणि त्याने स्वतः विकलं असेल तर. मुळात विक्रीच खोटी असेल तर नोंदीवर विसंबून घेणाऱ्यालाही आपला कायदा वाचवत नाही. कोबेच्या कंपनीला हे माहीत असावं.

आता दुसरं.

विद्यापीठाजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात या परीक्षेच्या मागच्या प्रश्नपत्रिका मिळाल्या. तुमचा एप्रिलचा प्रश्न १९५५ च्या पेपरात दुसरा आहे. मे महिन्यातला १९५८ च्या पेपरात चौथा आहे. शब्द न् शब्द. 'कारणांसह उत्तर लिहा' असं तुम्ही बोलताना कधी म्हणत नाही, त्यामुळे मला आधीच खटकलं होतं. दोन्ही पहिल्या पेपरातले आहेत. सामान्य आणि व्यापारी कायदा.

मी परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर गेले. प्रतिनिधींची नोंदवही मागितली की पाहायला देतात. आजोबांचं नाव अजून आहे. ते अकरा वर्षांपूर्वी वारले हे कोणी कळवलेलं नाही. तुमचं नाव नाही. मागची पानंही पाहिली. कधीच नव्हतं.

म्हणजे आपल्या कार्यालयात दोन मेलेली माणसं काम करत होती. आजोबा दारावरच्या नावाच्या फळीवर, गेनपाची डब्यात.

तिसरं. हिदेबाईंचं पत्र आलं. काकूंकडून पत्ता घेतला त्यांनी. लिहितात: 'यांचा शिक्का तुमच्याकडे होता, तो मला कधी मिळेल? कात्सुजी म्हणतात बोट यांनी आधीच विकली. मला विचारल्याशिवाय यांनी जेवणात मीठही वाढवून घेतलं नाही कधी.'

मी त्यांना एक निवेदन लिहून दिलं आहे. त्यात माझं मत नाही. तीन तारखा आहेत: कागदावरची, मृत्यूची, शिक्का मारल्याची. आणि कागद मी तयार केला हे आहे. खाली माझा नवा शिक्का आहे. ते कंपनीला दाखवायचं की न्यायालयात, ते त्या ठरवतील. खोटा कागद तयार करणारी म्हणून माझंही नाव त्यात लागलं आहे. परीक्षेला बसू देतील की नाही, पास झाले तर नाव नोंदवतील की नाही, मला माहीत नाही.

तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. प्रत सोबत आहे.

कानाए


मिओजिमा,
९ ऑगस्ट

कानाए,

ऋतू गेला खड्ड्यात.

आठ आठवडे लिहिलं नाही, कारण लिहायला बसलं की कागद फाटत होता. कात्सुजी दारात येऊन ओरडून गेला. मच्छीमारांच्या सोसायटीत मी गेलो की माणसं सिगारेट संपलेली नसताना उठतात. वडिलांनी लावलेली फळी आहे ती! तू त्या फळीखाली वाढलीस.

हो. चार वेळा बसलो. पंचावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न, साठ. जहाजांच्या पेपरात माझ्याइतके गुण कोणाला नव्हते. पहिल्या पेपरात चारही वेळा आपटलो. जहाज मला दिसतं. आंधळा केलास तरी हात लावून टन सांगेन. पण तो 'सद्भावनेने वागणारा तिसरा पक्ष' मला दिसत नाही! कुठल्या बंदरात राहतो तो? त्याला कोणी पाहिलाय? वडील दर वेळी निकाल घेऊन येणाऱ्या टपालवाल्याला चहा पाजायचे आणि मला काही म्हणायचे नाहीत. ते गेले. लोक आले, काम द्यायला लागले. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. अकरा वर्षांत एकाही माणसाचं काम अडलं नाही. एकाही!

आणि तू म्हणतेस कलम १११. बरं. तुझी पुस्तकं मी इथे मागवली नाहीत असं समजू नकोस. व्यापारी कायदा, कलम ५०६ काढ. व्यापारी व्यवहारासाठी दिलेला अधिकार, देणारा मेला तरी संपत नाही. वाच मोठ्याने! गेनपाची मच्छीमार नव्हता. भाड्याने दगड वाहायचा. वाहतूकदार. म्हणजे व्यापारी. तो मेला, त्याने दिलेला अधिकार मेला नाही. मार्चमध्ये मी जे बोललो तेच कायद्यात लिहिलंय, फक्त जरा लांबण लावून.

काय गं कायदेपंडित? मुलकी पुस्तक वाचलंस आणि व्यापारी पुस्तकाचं पान चिकटलेलं राहिलं?

निवेदन मागे घे. सप्टेंबरच्या आत.

तोकुजिरो


हिरोशिमा,
१६ ऑगस्ट

ती. काकांस,
सा. न.

कलम ५०६ तुम्ही बरोबर काढलंत. गेनपाचींना व्यापारी धरावं लागेल, हेही बरोबर. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी फक्त मुलकी कायदा लावला होता. पेपरात आलं असतं तर माझे गुण गेले असते. आभारी आहे.

निवेदन मागे घेत नाही.

मेल्यावर अधिकार संपतो की उरतो, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा: अधिकार दिला होता का? ५०६ दिलेला अधिकार जिवंत ठेवतं. न दिलेला अधिकार ते जन्माला घालत नाही. गेनपाचींनी तुमच्याकडे शिक्का ठेवला होता. तपासणीचे अर्ज, खलाशांच्या नोंदी यासाठी ठेवला होता. 'बोट विका' असं ते म्हणाले नव्हते. 'पुढेमागे देईन' म्हणाले होते, नवीन वर्षाच्या दिवशी, पिताना. ते वाक्य तुम्हीच मला लिहून कळवलं आहे, त्यामुळे मला ते अंदाजाने सांगावं लागत नाही.

आणि अधिकार असता, तरी तो वापरून ६ तारीख घालता येत नाही. खरोखर अधिकार होता असं तुम्हाला वाटत असतं, तर तुम्ही १३ तारीख घातली असती.

अकरा वर्षांत एकाचंही काम अडलं नाही असं लिहिलंत. हिदेबाईंचं अडलं आहे.

तुम्हाला तिसरा पक्ष दिसत नाही. त्या दिवशी कार्यालयात तुम्ही होतात, कात्सुजी होते. हिदेबाई नव्हत्या. तिसरा पक्ष तो. आपल्या बेटावर राहतो, दीपस्तंभाच्या खालच्या गल्लीत, दारात सुकत घातलेल्या मुळ्याच्या माळा आहेत.

ही व्याख्या पुस्तकातली नाही. पेपरात लिहू नये.

कानाए


हिरोशिमा,
२९ सप्टेंबर

ती. काकांस,
सा. न.

तुमचं उत्तर आलं नाही. तरी कळवते.

लेखी परीक्षा झाली. बसू दिलं. सभागृहाच्या दाराशी एक गृहस्थ मला म्हणाले, "ताई, राखदाणी कुठे आहे?" मी माझा बैठक क्रमांक दाखवला. ते म्हणाले, "अरे! तुम्हीपण? पण बोटीवरची माणसं बाईकडे कागद घेऊन येतील का?" मी म्हणाले, "कागद बरोबर झाला तर येतील. चुकला तर तुमच्याकडेही येणार नाहीत." मग आम्ही दोघं आत गेलो. त्यांची खुर्ची माझ्या पुढची होती. पहिल्या पेपराला त्यांची मान लाल झाली. तेव्हा मला त्यांचा राग आला नाही. पंचावन्न साली तुमची मान कशी दिसली असेल, हे मनात आलं.

पहिल्या पेपरात विचारलं होतं: 'प्रतिनिधीचा अधिकार कोणत्या कारणांनी संपतो? मुलकी आणि व्यापारी कायद्यातला फरक सांगा.'

मी दोन्ही कलमं लिहिली.

कानाए


मिओजिमा,
८ नोव्हेंबर

चि. कानाए हिला अनेक आशीर्वाद.

वारा उत्तरेकडून सुटला, संत्री पिवळी पडायला लागली. पहिली पेटी तुझ्याकडे निघालीय.

तुझं सप्टेंबरचं पत्र धक्क्यावर उभं राहून वाचलं. 'दोन्ही कलमं लिहिली' इथपर्यंत आलो आणि मोठ्याने हसलो. शेजारी जाळं विणणारा म्हणाला, "काय झालं, काका?" मी म्हणालो, "पहिल्या पेपरात माझं उत्तर बरोबर आलं." त्याला वाटलं म्हातारा बिघडला.

आता काय झालं ते सांगतो, तुझ्यासारखं तारखांनी.

१ ऑक्टोबरला हिदेबाईंकडे गेलो. शिक्का रुमालात बांधून नेला. दारातच गुडघ्यावर बसलो, डोकं फरशीला टेकलं आणि सांगितलं की मेल्यानंतर मी मारला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "उठा. मुळे तुडवताय." मग चहा केला. शिक्का हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "अठरा वर्षं तुमच्या डब्यात होता. मी याला कधी हातच लावला नव्हता. केवढासा आहे हो!"

३ तारखेला मी कोबेच्या कंपनीला आणि नोंदणी कार्यालयाला स्वतःच्या हाताने लिहून दिलं. तारीख खोटी, शिक्का माझ्या हातचा. कंपनीने लगेच माघार घेतली. तुझं निवेदन त्यांच्याकडे आधीच पोचलं होतं. माझ्या पत्राने कुलूप लागलं एवढंच. कात्सुजी आता माझ्याशी बोलत नाही. पण आपल्या चौथ्या हिश्शाचं बोलायला वहिनीकडे जातो आणि ती त्याला दारात उभं करून बोलते असं ऐकलं.

५ तारखेला फळी उतरवली. खिळे गंजले होते, एक तुटून भिंतीतच राहिला. वडिलांचं निधन कळवलं. खिडकीवरचा पोरगेला कारकून म्हणाला, "अकरा वर्षं उशीर का झाला?" मी म्हणालो, "ते फार कामात होते."

माझ्यावर काय करायचं ते परिवहन कार्यालय ठरवणार आहे. दोनदा बोलावलं, सगळं सांगितलं. तुझ्याबद्दल विचारलं तर म्हणालो, "तिने शिक्का मारला नाही. मी सांगून मारला नाही." ते त्यांनी लिहून घेतलं. मी वाचून पाहिलं आणि मग सही केली. बघ, शिकलो.

राहिले छप्पन्न. काकू आणि मी पिशवी घेऊन दारोदार फिरलो. काहींना कळेना. तोराजी म्हणाला, "काका, मी काही चुकलो का? परत का देताय?" त्याला वाटलं मी त्याच्यावर रुसलो. एकीने घेतलाच नाही, म्हणाली घरात पोरं हरवतील. तिला काकूने गळ्यात अडकवायला दोरी करून दिली. दोघं कधीच वारले होते, एकजण सहा वर्षांपूर्वी! मी त्याच्या नावाने दर वर्षी तपासणीचा अर्ज करत होतो आणि बोट पास होत होती. बोट आता त्याचा मुलगा चालवतो. त्यालाही माहीत नव्हतं की कागदावर बाप अजून कप्तान आहे.

डब्यात आता एकच उरला. तुझा. तो या पाकिटात आहे.

तोक्योला जाताना पायात गरम मोजे घाल. तिथे खोल्या थंड असतात. मी कधी तिथपर्यंत पोचलो नाही, ऐकून आहे.

विचारायला प्रश्न उरला नाही.

तोकुजिरो


हिरोशिमा,
२१ डिसेंबर १९८७

ती. तोकुजिरोकाका आणि सौ. काकू यांस,
सा. न.

आज इथे पहिलं बर्फ पडलं. नदीवर टिकलं नाही, पुलावर टिकलं. संत्र्यांची पेटी संपत आली.

तोंडी परीक्षेत पास झाले. खोली थंड नव्हती, मोजे जास्त झाले. परीक्षकांनी शेवटी विचारलं, "आधी कुठे काम केलंत?" मी कार्यालयाचं नाव सांगितलं. एकाने समोरचा कागद पाहिला आणि विचारलं, "हे प्रकरण तुमच्याच घरचं ना? पुन्हा तसा प्रसंग आला तर घरच्या माणसाविरुद्ध लिहून द्याल?" मी म्हणाले, "हो. प्रत त्यांनाच आधी पाठवीन." त्यांनी काहीतरी लिहिलं. काय ते दिसलं नाही. नोंदणीचं प्रमाणपत्र काल हातात आलं.

शिक्का मिळाला. तो चालत नाही, तरी ठेवून घेते.

मार्चमध्ये मी बेटावर येते आहे. तुमच्या कार्यालयाची खोली भाड्याने घ्यायची आहे. करार लेखी होईल. फळी नवी असेल आणि तिच्यावर माझं नाव असेल. तुमच्याबद्दल परिवहन कार्यालयाचं पत्र काय येतं ते आल्यावर पाहू. तोवर तुम्ही कोणाचाही कागद हातात घ्यायचा नाही, चहासुद्धा कागदाशेजारी ठेवायचा नाही. पापडांचा डबा मला हवा आहे. पापड ठेवायला.

सोबत एक अर्ज आहे. परीक्षेला वयाची मर्यादा नाही, मी खिडकीवर विचारून घेतलं. नाव मी भरलेलं नाही. भरायचं की नाही हे तुम्ही ठरवा. भरलंत तर शिक्का स्वतःच्या हाताने मारा.

जहाजांचे पेपर तुम्हाला वाचायची गरज नाही. पहिल्या पेपराचे प्रश्न मी दर आठवड्याला पाठवीन. उत्तरं टपालाने पाठवायची. लाल शाईने तपासीन आणि गुण देताना नातं धरणार नाही.

प्रश्न पहिला: अ ने ब कडे आपला शिक्का ठेवला. शिक्का ठेवला म्हणजे अधिकार दिला, असं होतं का? कारणांसह उत्तर लिहा.

कानाए